निळ्या काठाची पांढरी साडी

मी चौथी शिकलेली. आमच्या मंडळात बाकीच्या सगळ्या डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, मास्तरीणबाई. डोळ्यांची शिबिरं भरवायची, शाळेला वह्या द्यायच्या, दवाखान्यात फळं वाटायची, असली कामं. मला त्यांनी घेतलं ते माझ्या मुलाच्या दुकानामागं मोठी खोली रिकामी होती म्हणून. सामान ठेवायला जागा पाहिजे होती. जागेबरोबर मी आले. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

माझ्या मैत्रिणीला घेतलं ते वेगळ्या कारणानं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बौद्धवाड्यातली एक तरी बाई मंडळात असावी असं अध्यक्षीणबाईंना वाटत होतं. तेही तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आमची मैत्री तंबाखूच्या मिश्रीवरून जमली. बैठक लांबली की माझं चित्त ठिकाणावर राहात नसे. एकदा मी हळूच उठून खोलीमागं पाण्याच्या टाकीजवळ गेले, तर ती आधीच तिथं हात पुढं करून उभी.

"काढ म्हातारे डबी," ती म्हणाली. "तुझे दात बघूनच वळखलं मी."

तेव्हापासून दर बैठकीला आम्ही दोघी टाकीमागं. डबी माझी, बोटं दोघींची. आत सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्यांना लघवीचा त्रास आहे. अध्यक्षीणबाईंनी एकदा आम्हाला डॉक्टरकडं जायला सांगितलं, तेव्हा टाकीमागं आम्ही इतक्या हसलो की तिला ठसका लागला.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. घरातलं सगळं वाहून गेलं. मंडळानं कपडे गोळा करायचं ठरवलं आणि माझी खोली छतापर्यंत भरली. लोक काय देतात ते तेव्हा बघितलं. बिनबटणाचे सदरे, बाही फाटलेले झंपर, आणि आहेरात आलेल्या देण्याघेण्याच्या साड्या. कुणी कधी घडी मोडली नाही अशा, कडेला कुंकवाचा डाग तसाच. मला संताप आला. मी तिथंच सांगितलं, "जी साडी आपुन नेसनार न्हाई ती कुनाला द्यायची न्हाई. मी निवडते. मी टाकली ती टाकली."

सगळ्यांना पटलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्हीच मुख्य." मला मुख्य व्हायला आवडलं, हे इथं सांगायला पाहिजे.

मग मी गठुडी सोडत होते, एकेक साडी वर धरत होते आणि बोलत होते. "ही बघा, मच्छरदानी." "ही नेसून बाई शेतात उभी राहिली तर पाखरं येनार न्हाईत." बायका हसत होत्या. ती माझ्या शेजारी बसून घड्या घालत होती, तीही हसत होती. एकावर हसल्या की मला दुसरं सुचायचं.

तेवढ्यात एका पिशवीतून पांढरी साडी निघाली. बारीक निळा काठ, इस्त्रीची घडी, डांबरगोळीचा वास. कुणीतरी जपून ठेवलेली आहे हे माझ्या हाताला कळलं. पण तोंड आधी चाललं.

"ही कुनाची अक्कल?" मी ती वर धरून झटकली. घडी सुटली. "बाया पुरातनं वाचल्या, आता त्यांना पांढरं नेसवून रांडाव करायच्या व्हय? हे सरनावर शोभंल."

खोली हसली. वकिलीणबाई तर डोळे पुसायला लागल्या. मी साडी चिंध्यांच्या ढिगावर भिरकावली. तो ढीग वाकळा शिवणाऱ्या बाईकडं जायचा होता.

ती हसली की नाही ते मी बघितलं नाही. थोड्या वेळानं मी डबी दाखवली, तर ती म्हणाली, "आज नगं. घरी पावनं येनार हायत." आणि गेली.

पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. मला वाटलं आजारी असेल. दसरा आला. संध्याकाळी मी आपट्याची पानं घेतली आणि म्हटलं, तिला सोनं देऊन येते. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी कधी गेले नव्हते. ती माझ्याकडं यायची. हेही मला त्या दिवशी, तिच्या गल्लीत घर विचारताना लक्षात आलं.

गल्लीत दिव्यांच्या माळा होत्या. विहारासमोर बायका जमल्या होत्या. म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर लेकरं घेतलेल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. कुणाच्या कपाळाला, केसांत काय होतं ते मी बघत नव्हते, मी साड्याच बघत होते. दरवर्षी यांची रांग आमच्या दुकानावरून जाते. मी ओट्यावर बसून बघितलेली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितली.

ती तिच्या दारात उभी होती. पिवळ्या फुलांच्या रोजच्या साडीत. नवरा बाजेवर, पांढरा सदरा घालून.

"ये म्हातारे," ती म्हणाली. "वाट कशी सापडली?"

मी पानं दिली. ती म्हणाली, "आमचा आज सोन्याचा न्हाई, धम्मचक्राचा सन हाय. पन तू आनलीस तर ठिवते." आणि खिडकीत ठेवली.

मला गप्प बसता येत नाही. मी विचारलं, "समद्या पांढऱ्यात हायत. तू का न्हाई नेसलीस?"

"दिली," ती म्हणाली.

नवरा आपला भोळेपणानं बोलला, "नागपूरला गेलतो तवा घेतली व्हती, निळ्या काठाची. लई जपायची. मी म्हनलं, एवढी चांगली कशाला देती, तर म्हनली, मंडळाचा नियम हाय, आपुन नेसतो तीच द्यायची."

ती म्हणाली, "अवो, च्या टाकते, साखर आना जरा." नवरा उठला.

चहा होईपर्यंत आम्ही दोघीच होतो. माफी मागायची ती वेळ होती. मी तिला म्हटलं, "तुमच्याकडं लाईट लई चांगली लावली." चहा प्याले आणि घरी आले.

रात्रभर... खरं तर झोप लागली, म्हाताऱ्या माणसाला लागते. पण सकाळी उठल्याबरोबर मी खोली उघडून तो ढीग उपसला. साडी तळाशी होती, धड होती. मी ती हातानं धुतली, निळीत घातली, इस्त्रीवाल्याकडं स्वतः घेऊन गेले. मला वाटलं, चूक चारचौघांत केली तर भरपाईही चारचौघांत करावी. हा माझा हिशेब. मी निरोप धाडला, "बैठकीला ये, काम हाय." ती आली.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ही साडी हिची आहे. हिनं आपली सगळ्यात चांगली दिली, मी ती सरणावर घातली. माझं चुकलं. मी हात जोडले.

मला वाटलं होतं एवढ्यावर मिटेल. पण आमचं मंडळ म्हणजे मंडळ. अध्यक्षीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "केवढं मोठं मन! यांचा सत्कार झालाच पाहिजे." कपाटात शाल कायम तयार असते. नारळ दुकानातून आणला. तिला मधे उभं केलं. पांढरी साडी ताटात ठेवून तिच्या हातात दिली, मला तिच्या शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. त्या दिवशी सगळ्यात जास्त हसलेल्या वकिलीणबाईंनी तिला मिठी मारली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्ही कधी असला भेदभाव मानलाच नाही हं." त्यांना कुणी तसं विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. खाली फुलं आणि जोडलेले हात.

फोटोनंतर मी टाकीमागं गेले. ती आली. मी डबी उघडून पुढं केली. तिनं शाल अंगावरून काढून टाकीवर ठेवली.

"त्या दिवशी ती साडी कुनाची हे मला एकटीला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मी गिळलं व्हतं. आता गावाला ठावं झालं."

"मी माफी मागितली," मी म्हटलं.

"माफी मागायची व्हती तर माझ्या दारात मागायची. दसऱ्याला आलीच व्हतीस की. तवा लाईट बघत बसलीस."

मी डबी आणखी पुढं केली. तिनं मिश्री घेतली नाही.

कपडे वाटायला आम्ही टेम्पोनं गेलो तेव्हा तीही आली. नदीकाठच्या एका वस्तीत एक तरणी बाई दोन्ही हात पुढं करून उभी होती. हिनं आपल्या पिशवीतून ती पांढरी साडी काढली आणि तिला दिली. बाईनं साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि ती छातीशी धरली. हिनं माझ्याकडं बघितलंही नाही. अध्यक्षीणबाई मोबाईल घेऊन पळत आल्या तोवर ही टेम्पोत जाऊन बसली होती.

ती अजून येते. काम सोडलं नाही. घड्या तिच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. पण आधी ती त्या खोलीत बसायची तेव्हा बाकीच्यांसारखीच एक बाई होती, मोठ्या आवाजाची, चावट. आता ती आली की बायका सरकून जागा देतात, आपसांत बोलताना शब्द निवडतात, चहाचा पहिला कप तिला देतात. तिचा आवाज बारीक झाला आहे. हे मी केलं. साडी फेकून नाही केलं, उभं राहून हात जोडून केलं.

परवा थंडीचे कपडे निवडत होतो. एका गठुड्यातून पांढरं काहीतरी निघालं. मास्तरीणबाईंचा हात तिथंच थांबला. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या, मग माझ्याकडं.

तिनं मान वर केली नाही.

"चादर हाय ती, बाई," ती म्हणाली. "टाका तिकडं."

आधी असतं तर मी काहीतरी बोलले असते आणि ती हसली असती. मी हातातल्या झंपराची घडी घातली. ती उठली, कमरेची स्वतःची डबी चाचपली आणि एकटीच टाकीमागं गेली.