गोजरअक्काची चार बोटं

...तर फोटोवाला सायकलीसकट आमच्या उकिरड्यात पडला, इथवर काल सांगून झालं. पण गडी हुशार. पडता पडता त्यानं कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरला. म्हणून तर आमच्या बद्रीनाथदादाच्या लग्नाचे फोटो आज सिडकोतल्या आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात शाबूत आहेत.

फुलंब्रीकडच्या आमच्या गावात तेव्हा फोटोला मागं पांढरी चादर ताणून धरायचे. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून. ते काम माझ्या थोरल्या बहिणीचं, गोजरअक्काचं. अंगानं ताडमाड. चादरीआड उभी राहून वरची कड धरायची. दादाच्या लग्नात सतरा वर्षांची होती. मामाचा फोटो असो, नाहीतर पोळ्याच्या बैलाचा, चादरीच्या कडेवर अक्काची गोंदलेली चार बोटं हजरच!

आता माझी नात श्रेया लग्नाला उभी आहे. तिनं ठरवलं, मंगल कार्यालयाच्या दारात घरच्या सगळ्या थोरांचे जोडीजोडीनं जुने फोटो लावायचे. माझा नि हिचा सापडला. माझ्या सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात. श्रेया हसून लोळायची बाकी राहिली. पण डबा रिकामा झाला तरी अक्का नि बन्सीदाजींचा काही मिळेना. दाजी तीन वर्षांखाली गेले. पोरीचं तोंडच उतरलं. लहानपणची तिची प्रत्येक सुट्टी देवगाव रंगारीला अक्काच्या घरी गेलेली.

"आबा, सगळ्यांच्या जोड्या लागणार आणि अक्काआजीच नाही?"

"अगं, आत्ताचा काढ नि लाव."

"आणि बन्सीआजोबा?"

मी रिकामा डबा उगाच पुन्हा उपडा करून ठोकला.

शेवटी तिनं अक्कालाच फोन लावला. मी हातानं नको नको म्हणत होतो. म्हातारीच्या जिवाला लागायचं उगाच. पण पोरीनं सरळ सांगून टाकलं, "अक्काआजी, तुमच्या दोघांचा एकही फोटो नाही गं. बद्रीनाथआजोबांच्या लग्नातल्या फोटोत नुसती तुझी बोटं दिसतात."

पलीकडं एक शेळी ओरडली. मग अक्का अशी हसली, की श्रेयानं फोन कानापासून लांब धरला.

"आगं, मंग त्योच लाव की! जोडीचाच हाय त्यो. चादरीचं दुसरं टोक तुज्या बन्सीआजोबानं धरलं व्हतं. नवरीचा मामेभाऊ म्हनून आलता लग्नाला. म्होरली समदी कॅमेऱ्याकडं बगत व्हती, आन आमी दोघं मागं येकमेकांकडं. चादर खाली आली म्हनून फोटोवाला लई वरडला बग आमच्यावर!"