जर्मनबाईची ओटी

आमच्या वाडीत परदेशी माणूस आलं की सगळ्यात आधी गावाचा आवाज चढतो. पाहुण्याला मराठी कळत नाही म्हणजे ऐकूच येत नसणार, असं लोक धरून चालतात. टपरीवाला एरवी तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस, पण गोरं कुणी दिसलं की "च्याऽ! च्या घ्यायाचा का?" असा ओरडतो की बांधावरची म्हैस दचकते. रस्ता विचारला तर कुणीही "माहीत न्हाई" म्हणत नाही. "हे काय, हितंच तर हाय" म्हणतात. आणि ते हितंच कधी दोन डोंगर पलीकडे असतं. मग आपलं सांगणं पाहुण्याच्या डोक्यात शिरलं नाही असं वाटून हातातलं काम टाकून स्वतःच त्याच्यापुढे चालायला लागतात.

राजूरकडून धरणाला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. काजव्यांच्या दिवसांत पुण्यामुंबईच्या गाड्या येतात. त्यांच्याबद्दल मला विचारू नका, माझं तोंड सुटतं. काजवे बघायला यायचं आणि गाडीचे लाईट चालू ठेवायचे, ही कसली अक्कल! परदेशी लोक मात्र तुरळक, आणि ते आले की वाडीला कामच मिळतं. मी राजूरच्या शाळेत शिकवते, म्हणून इंग्रजीचा सगळा ठेका माझ्याकडे. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं आहे, पण हे वाडीत कुणाला ठाऊक नाही आणि मी सांगायला गेलेली नाही.

पाहुण्यांच्या दोन खोल्या खऱ्या चालवतात त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे दीर गेले तेव्हा त्यांची मुलं एवढीएवढीशी होती. शेत, गुरं, मुलं, सगळं त्यांनी ओढलं, आणि आता या खोल्याही. घरात त्यांचा शब्द चालतो. माझे यजमान अजून त्यांच्यापुढे मोठ्यानं शिंकत नाहीत. पण घरात हळदीकुंकू असलं की याच जाऊबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत. वाण त्यांनी निवडलेलं, चहा त्यांच्या हातचा, कुणाला काय द्यायचं ते त्यांच्याच तोंडपाठ, आणि बाहेर बायकांना कुंकू लावायला मी. त्यांना आत जा असं कुणी म्हणत नाही. त्या आपणहून जातात, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. किती वेळा भांडले असेन. "बाहेर या की, कोण काय बोलतंय बघते मी." तर म्हणायच्या, "तू गप बस. शाळा शिकव तुजी."

गेल्या साली भात झोडणीच्या दिवसांत एक बाई आली. एकटीच. साठीची असावी, उंच, केस पांढरे आणि मुलासारखे कापलेले, पाठीवर तिच्या वयाला न शोभणारी भली मोठी पिशवी. कुठली विचारलं तर म्हणाली, जर्मनी. मी जाऊबाईंना सांगितलं, "जर्मनची आहे."

"जर्मनची?" जाऊबाई चुलीवरचं ॲल्युमिनियमचं पातेलं बघायला लागल्या. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. त्यांनी सांडशीनं पातेल्यावर ठण्णकन वाजवलं आणि पाहुणीला म्हणाल्या, "हे बग, तुज्या गावचं!" माझ्या चौथीच्या इंग्रजीत मला हे समजावून सांगताना घाम फुटला. कळलं तेव्हा ती बाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवसापासून ती वाडीची जर्मनबाई झाली.

जाऊबाई तिच्याशी दिवसभर मराठीत बोलायच्या. ती जर्मनमध्ये की इंग्रजीत, काय ते उत्तर द्यायची. मी शाळेतून आले की विचारायचे, काय बोललात, तर जाऊबाई सगळं सांगायच्या. तिची सून नोकरी करते, तिचा गुडघा दुखतो, तिच्याकडे बटाटा लई खातात. हे यांना कसं कळलं, देव जाणे. मी एकदा मुद्दाम तिला विचारून खात्री केली. गुडघ्याचं आणि सुनेचं खरं निघालं.

वाडीनं तर तिला डोक्यावरच घेतलं. तिला तिखट सोसत नाही म्हणून जाऊबाई तिची भाजी वेगळी करायच्या, आणि ती चाखताना असं तोंड करायच्या जसं कुणी कडू काढा पाजलाय. ती ओढ्याकडे फिरायला निघाली की खालच्या आळीतले एक म्हातारबाबा न सांगता काठी घेऊन पुढे व्हायचे, गवतात जनावर असतं म्हणून. एक दिवस त्यांनी तिला प्रेमानं तंबाखू मळून दिली. जाऊबाईंनी त्यांची जी हजेरी घेतली ती सगळ्या वाडीनं ऐकली. खळ्यावर तिनं भाताची पेंढी उचलून फळीवर झोडली तर अर्धं भात बाहेर उडालं. एरवी आमच्या कुणाच्या हातून असं झालं असतं तर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण बायका म्हणाल्या, "लई भारी! आक्शी आपल्यावानी!" आणि सांडलेलं गुपचूप गोळा केलं. मी शिक्षिका आहे, मला खोटी शाबासकी लगेच ओळखू येते, पण त्या दिवशी मला माझ्या लोकांचा फार अभिमान वाटला.

एकदाच मी भडकले. बाहेरून आलेली चार टवाळ पोरं मोबाईल घेऊन तिच्याभोवती गोळा झाली, सेल्फी, सेल्फी. बाईचा चेहरा कसनुसा झाला. मी म्हटलं, "माझी पाहुणी काय जत्रेतला पाळणा आहे का रे, जो येईल तो चढतोय?" माझ्या मागोमाग खळ्याकडे येणाऱ्या बायका विळे घेऊन उभ्या राहिल्या. त्या भात कापून येत होत्या म्हणून विळे हातात होते, पण पोरांना ते कोण सांगणार! पळाली.

ती निघणार त्याच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी पेटीतून एक हिरवा खण काढला. लाल काठाचा, चांगला. आमच्या घरातून बाई माणूस ओटी भरल्याशिवाय जात नाही, हा जाऊबाईंचा कायदा. कुणाची पाहुणी असो, खत वाटपाच्या कामाला आलेली सरकारी मॅडम असो, कपाळाला कुंकू आणि पदरात तांदूळ-नारळ पडल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मांडणी त्यांची, भरायची मात्र मी, कारण मी सवाष्ण.

सकाळी जाऊबाईंनी जर्मनबाईला पदरासाठी माझी ओढणी दिली. पदर कसा धरायचा ते स्वयंपाकघरात करून दाखवलं, दोन्ही हातांनी, असा पुढे. मग तिला ओसरीत पाटावर उभं केलं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. आमच्या चुलत सासूबाईही काठी टेकत आल्या होत्या. वाडीत सगळ्यात वडील त्याच, सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात. जाऊबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याच्या आत. मी करंडा उघडला, बोटावर कुंकू घेतलं, आणि तेवढ्यात आत्याबाईंना सुचलं.

"अगं, हिचा मालक कुटं हाय? एकटीला कसा सोडला त्यानं? विचार की."

मी विचारलं. सवयच ती, कुणी विचार म्हटलं की मी विचारते. जर्मनबाईनं पदर तसाच धरून ठेवत सांगितलं की ते मागच्या वर्षी गेले. दोघांनी मिळून इथं यायचं ठरवलं होतं, म्हणून ती एकटी आली. हे तिनं न रडता, साधेपणानं सांगितलं. आणि मी मेली मूर्ख, तसंच्या तसं मराठीत सांगून टाकलं. "घरी आहेत" म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं! पण जीभ पुढे गेली होती.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे बाई. खण-कुंकू नको. नुसता नारळ दे हातात." त्या वाईट नाहीत हो. त्यांना त्यांचं जे ठाऊक तेच त्या बोलल्या. बाकीच्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या.

आणि जर्मनबाई पाटावर उभी. पदर पसरलेला, मान पुढे झुकवलेली, डोळे अर्धे मिटलेले. शिकवलं तस्सं. तिला काय कळणार काय चाललंय? ती वाट बघत होती. माझ्या बोटावर कुंकू, आणि माझा हात पुढेही जाईना, मागेही येईना. वाडीसमोर लावलं तर आत्याबाईंचा शब्द मोडला. नाही लावलं तर आठवडाभर जिला लेकीसारखं वागवलं तिला सगळ्या बायकांसमोर कोऱ्या कपाळानं उतरवायचं. तिला कारण कुणी सांगितलं नसतं, पण कळल्यावाचून राहिलं असतं का? बायकांना कळतं.

मागून बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणून मला जाऊबाई आल्याचं समजलंच नाही. त्या उंबरा ओलांडून माझ्या शेजारी आल्या होत्या. इतक्या वर्षांत हळदीकुंकवाच्या वेळी मी त्यांना उंबऱ्याच्या अलीकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला करंडा काढून घेतला.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "तिनं पदर पसरलाय. मीच शिकवलं तिला पसरायला. माज्या दारात पसरल्याला पदर रिकामा न्हाई जायाचा."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तिला हळद लावली, कुंकू लावलं, ठसठशीत. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ भरून तांदूळ घातले. थोडे तांदूळ खाली सांडले. जर्मनबाईनं डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघून हसली. मला रडू आवरेना. मी सरळ रडले, लपवलं नाही.

आत्याबाई उठल्या. मग काठी भिंतीला लावली, पुढे आल्या, ताटातून मूठभर तांदूळ उचलले आणि तिच्या पदरात टाकले. "पदर नीट धर गं," तिच्यावर खेकसल्या, "सांडतंय समदं!" मग बाकीच्या बायकाही पुढे झाल्या. बघता बघता पदर इतका जड झाला की त्याला गाठ मारायला दोघींची मदत लागली.

जीपपाशी जर्मनबाईनं मला हळूच विचारलं, त्या आजी का रागावल्या होत्या? मी म्हटलं, "त्यांना वाटलं आम्ही तांदूळ कमी घालतोय." या वेळी जिभेनं मला साथ दिली. ती हसली, गाठोडं पोटाशी धरून बसली आणि जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली. म्हातारबाबाही काठी उंचावून उभे होते. जनावर कुठलं आलंय डांबरी रस्त्यावर, पण आले होते.

आम्ही दोघी घरात आलो. बायका पांगल्या होत्या. पाट अजून तिथंच होता, करंडा उघडा. माझा आनंद नुसता उतू जात होता. इतक्या वर्षांचं माझं भांडण जाऊबाईंनी एका दमात संपवलं होतं, असंच मला वाटलं. त्यांनी कुंकवाला हात लावला होता, स्वतःच्या हातानं लावलं होतं, भर बायकांत, आत्याबाईंसमोर. आता काय उरलं? मी करंड्यात बोट बुडवलं आणि म्हटलं, "जाऊबाई, या इकडं. आता तुम्ही."

त्यांनी माझं मनगट धरलं. रागानं नाही, अगदी मऊ. हसल्या.

"येडी का काय तू," त्या म्हणाल्या. "मी काय पाव्हनी हाय व्हय?"

आणि खाली वाकून सांडलेले तांदूळ वेचायला लागल्या. मी बोट तसंच धरून उभी. ते पुसावं कुठं? माझ्या कपाळाला तर आधीच होतं.