शेजारच्या खाटेवरचा माणूस

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ मरणाच्या दारात होता. तो पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये कामाला. खासगी दवाखान्याच्या आयसीयूत तिसऱ्या दिवशी गुजराती डॉक्टर मला म्हणाले, "बेन, रक्त गाळावं लागेल. मशीन रक्त बाहेर घेतं, फिल्टरमधून काढतं, सूज वाढवणारे घटक तिथेच अडकतात. साफ रक्त परत आत."

"याने वाचेल ना?"

"उशीर करू नका," एवढंच म्हणाले. मी इंग्रजी कागदावर सही केली.

भाऊ वाचला. आठव्या दिवशी मास्क सरकवून आमच्या बोलीत घरी ने म्हणाला, "माले घर लई चाल." मी ढसाढसा रडले.

शेजारच्या खाटेवर नवागामचा एक लूम कामगार होता. त्याच्या बायकोने मला बाहेरच्या बाकड्यावर विचारलं, "ताई, तुमच्या भावाला त्या फिल्टरनेच गुण आला का?"

"त्यानेच. लावून टाका, विचार करत बसू नका."

तिने अंगावरचं सोनं मोडून दोनदा फिल्टर लावला. नवरा गेला.

महिन्याने भावाला तपासायला नेलं, तर दवाखान्यात शिरताच भिंतीवर त्याचाच हसरा फोटो. खाली गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, रक्त गाळून जीव वाचवला. आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले.

"माझा भाऊ फिल्टरनेच वाचला, हे छातीवर हात ठेवून सांगा."

"तसं खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, बेन. बाकीची औषधं चालू होतीच. कदाचित तसाही वाचला असता."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा वेळ कुठे होता?"

"सही घ्यायला बरा वेळ होता! आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा फोटो कुठे लावलाय?"

मी बाहेर आले, खुर्ची ओढली, चढले आणि फोटो ओरबाडून काढला. वॉचमन धावला. भाऊ म्हणाला, "जाऊ दे ना." मी त्याच्यावरही ओरडले.

तिथून मी एकटी नवागामला गेले. त्या बाईला डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, माझी चूकही सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी मी लावलाच असता, ताई."

ती मला माफ करत होती. माझा राग मात्र तिच्या त्या शब्दांनी आणखीच पेटला. ही बाई मला समजावत होती, आणि ज्यांनी तिला समजावून सांगायला हवं होतं, ते एकदाही तिच्या दारात आले नव्हते.