एकोणीसचा पाढा आणि डिझेलची डबी

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ड्रायव्हिंगची परीक्षा घेतात त्या मैदानावर. वेळ पक्की माहीत आहे, कारण मी मागच्या सीटवर होते आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांचं मनगटी घड्याळ माझ्या नाकासमोर होतं. त्याच हाताने त्यांनी कागदावर नापास लिहिलं.

याबद्दल मी तेव्हा एक पत्रक काढलं होतं. ते फसलं. का फसलं ते पुढे येईलच. आधी गाडीबद्दल सांगते, कारण गाडी कळल्याशिवाय अन्याय कळत नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पहिला रंगीत टीव्ही आला त्याच्या पुढच्या वर्षी ही गाडी आली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. कायमचे परत आले तेव्हा येताना ही जुनी जर्मन गाडी घेऊन आले. छोटी, फिकट पिवळी, मागून सरळ कापलेली. डिकी नाही, मागचं अख्खं दारच काचेसकट वर उचलायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "शेपूट बोटीतच राहिली वाटतं." तेव्हापासून ती डबी. सुरू केली की टकटक टकटक, ट्रकसारखी. "एवढ्याशा जिवात ट्रक कोंबलाय," असं सगळे म्हणायचे, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते. हिच्यात ठिणगी नाहीच. हवा आत घ्यायची आणि दाबायची, इतकी दाबायची की ती आपली आपणच तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ना, तेच. मग त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. तो पेटतो. काडी लावायला कुणी लागत नाही. काका सांगायचे की प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर लिंबाएवढी एक पोकळी आहे, हवा तिथे शिरताना भोवऱ्यासारखी फिरते, आणि त्या फिरण्यामुळे डिझेलचा थेंब अन् थेंब कामी येतो. सोसायटीतल्या बदामाच्या झाडाखाली गाडीच्या थंड बॉनेटवर तळहात ठेवून ते हे सांगायचे, आणि मला त्या पोकळीतलं वारं दिसायचं. आजही दिसतं. लिंबाएवढ्या अंधारात गोल गोल फिरणारं वारं, कशाची तरी वाट बघत.

काकांना मात्र दिसणं कमी होत चाललं होतं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात उजेडाची एक नळी उरलेली. त्या नळीतून ते जग तुकड्या तुकड्याने बघायचे. आधी कपाचा कान, मग कप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत धरून चाला. गाडी चालवणं तर केव्हाच बंद केलं होतं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. एकदा टाकी भरायची, मुलुंडहून निघायचं, आणि पुन्हा डिझेल न भरता देवगडला आपल्या घरी पोचायचं. एका टाकीत देवगड होतं, आणि तिथून परत निम्म्या वाटेपर्यंत येता येतं, एवढी ही गाडी कमी खाते, असा त्यांचा हिशेब. गाडी मावशीने चालवायची. त्यांनी डावीकडे बसायचं आणि खिडकीतून कोकण बघायचं, नळी मिटायच्या आत.

लोक म्हणायचे, ड्रायव्हर ठेवा. काका म्हणायचे, "भाड्याचो माणूस हिका पेट्रोलची समजान मारतलो."

तर ही गोष्ट महत्त्वाची. इंजिन थंड असेल तर नुसती दाबून हवा पुरेशी तापत नाही. म्हणून त्या लिंबाएवढ्या पोकळीत विजेवर तापणारा एक प्लग असतो. आधी तो लाल होऊ द्यायचा, मग किल्ली फिरवायची. किती वेळ तापवायचं ते सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा आणि त्याची यंत्रणा दोन्ही जळून गेले होते, सुटे भाग इथे मिळत नव्हते. काकांनी मधे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टाकून डॅशबोर्डवर घराच्या बेलचं बटण बसवलं. पांढरं, गोल, दारावर असतं तसलं. ते दाबून धरायचं. किती वेळ? मावशी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिने प्रयोग करून ठरवलं, एकोणीसचा पाढा संपेपर्यंत. सतराच्याला गाडी खोकायची, एकोणीसच्याला एका झटक्यात उठायची.

पहाटे मी त्यांच्यासोबत जायचे, मुलुंड कॉलनीच्या टोकाला, जिथे रस्ता संपून डोंगर सुरू होतो. काचा वर. दव. शिकवायला मोटार स्कूलचे एक मास्तर पुढे, काका माझ्याशेजारी मागे, डोळे मिटून. निघण्याआधी, झाडाखालीच, मावशी बटण दाबायची. डॅशबोर्डचा उजेड जरासा मंद व्हायचा. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव. कुजबुजल्यासारखा आवाज, धुक्यातून येतोय असा. त्या अर्ध्या मिनिटात कुणाचंच काही बिघडलेलं नसायचं. काकांचे डोळे मिटलेले असायचे तसेच माझेही, म्हणजे आम्ही दोघं सारखेच. मी तेव्हा मोर्चांना जायचे, पण कुठल्याही मोर्चात असं काही अनुभवलेलं नाही. मला वाटायचं, हा पाढा एकशे नव्वदला थांबूच नये, लांबत जावा, आणि आम्ही असेच बसून राहावं. मग टकटक सुरू व्हायची.

मास्तर एकदा म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला, मारा ना सेल्फ. होते सुरू."

"होते," मागून काका म्हणाले. "कानाखाली मारली तर झोपलेलं पोर पण उठतं."

आता तो सोमवार. मैदानावर रांग. मास्तरांनी आणून लावलेली गाडी सकाळी आठपासून सावलीत उभी, इंजिन निवलेलं. अकराच्या पुढे आमचा नंबर लागला. साहेब डावीकडे बसले, मांडीवर कागद घेतला आणि म्हणाले, "चला."

मावशीने बटण दाबलं आणि पाढा सुरू केला. ओठ हलत होते.

साहेबांनी बटणाकडे पाहिलं. "काय, बेल वाजवून देवाला उठवताय?"

मावशीने डावा पंजा वर केला. थांबा. शहात्तरवर होती. मधे तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"बाई, जप घरी करायचा. इथे गाडी चालवायची असते." बाहेर रांगेतले दोघं-तिघं हसले. "सुरू करता येत नाही आणि निघाल्या." आणि लिहिलं. मावशीने पाढा पूर्ण केला, किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात उठली. तोवर साहेब दार उघडून उतरलेही होते.

मी खूप बोलले. साहेब पुढच्या गाडीत बसले.

घरी आल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "पाढो पुरो केलंस ना?"

"केला."

"मग झालं."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मी घाटकोपरच्या बायकांच्या एका गटात काम करायचे, पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइल यंत्र आमच्याकडेच होतं. 'स्त्रीचा जाहीर अपमान', 'पुरुषी मस्ती', सगळं होतं त्यात. गठ्ठा घेऊन मावशीकडे गेले. तिने उभ्या उभ्या वाचलं, गाडीपाशी गेली, इंजिनातल्या तेलाची काडी बाहेर काढली आणि माझ्या पत्रकाने पुसली.

"कागद बरा आहे गं," ती म्हणाली. "तेल छान शोषतो."

"मावशी."

"ह्यात प्लगबद्दल एक ओळ नाही. मी का थांबले होते ते नाही. म्हणजे तुझंही त्या साहेबासारखंच. मी बाई एवढंच दोघांना दिसलं."

तो गठ्ठा गाडीच्या मागच्या दाराच्या आत पडून राहिला आणि तेल पुसता पुसता संपला. खरं सांगायचं तर त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता.

पुढची तारीख मिळता मिळेना. पावसात मैदानाचा चिखल झाला, परीक्षा बंद. मग साहेबांची बदली. मग गणपती. श्रावणात काका कप चाचपायला लागले. नवरात्रात एका सकाळी त्यांनी बाल्कनीतून विचारलं, "आज उजाडूक उशीर झालो काय?" नऊ वाजले होते. ऊन पडलं होतं.

दिवाळीनंतर परीक्षा झाली. नवे साहेब. मावशीने बटण दाबलं.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

या वेळी तिने पाढा तोडला. "प्लग तापवतेय. डिझेल आहे."

"तापवा मग."

तिने पहिल्यापासून सुरू केलं, साहेब खिडकीबाहेर बघत बसले, आणि ती पास झाली. दोन शब्दांचा प्रश्न होता तो. त्या दोन शब्दांवाचून जून ते नोव्हेंबर गेले होते.

आम्ही गेलो देवगडला. टाकी भरून, डिझेलसाठी कुठेही न थांबता. घाटात काका आवाजावरून गिअर सांगायचे आणि बरोबर सांगायचे. बाकी वेळ विचारायचे, "भायर काय आसा?"

"अहो, मी रस्ता बघू की तुम्हाला सांगत बसू?" मावशी म्हणायची. म्हणून मी सांगायचे.

"कापलेली शेतं."

"रंग?"

"सोनेरी."

"पत्रकातलं नको. नीट सांग."

मी नीट बघितलं. "ओल्या पुठ्ठ्यासारखा."

"हां. आता दिसलो."

देवगड जवळ आलं तेव्हा ते ताठ बसले. "आता एक वळण येतलं, आणि दर्यो." इतक्या वर्षांत रस्ता बदलला होता, आता तो टेकडीला वळसा घालून दुसऱ्या अंगाने येत होता. वळण आलं. काकांनी काच खाली केली आणि खिडकीतून चेहरा बाहेर काढला, वाऱ्यावर. समुद्र उजवीकडे होता, मावशीच्या बाजूला. ते डावीकडे तोंड करून हसत होते, समोर नुसता कातळ.

"कसो आसा?" त्यांनी विचारलं.

मावशीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "निळा आहे," ती म्हणाली. आणि गाडी हळू केली.

तुम्ही कुठल्यातरी टेबलामागे बसत असाल, कुठल्यातरी कागदावर सही करत असाल, वर्गात, दवाखान्यात, बँकेत, कुठेही. समोरचं माणूस थांबलं, आणि का थांबलं ते तुम्हाला कळलं नाही, तर पेन खाली ठेवा. विचारा, काय करताय. उत्तर पूर्ण ऐका. त्यानंतर काय लिहायचं ते लिहा.