पंजाबरावाच्या चुलीतला विस्तव

यवतमाळच्या त्या कॉलेजच्या वसतिगृहात बावीस खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत दोन पोरं, दोन खाटा, दोन गाद्या. तुम्हाआम्हाला ते वसतिगृह दिसलं असतं, पंजाबरावाला तो कापसाचा ढीग दिसायचा. चव्वेचाळीस गाद्या, गादीला दहा शेर कापूस, म्हणजे झाला अकरा मण. आणि त्या अकरा मणांवर लोळत चव्वेचाळीस पोरं विड्या ओढतात, या विचारानं त्या माणसाला अन्न गोड लागत नसे.

त्याचा तरी काय दोष म्हणा. वसतिगृहाचा चौकीदार होण्याआधी त्यानं बारा वर्षं आर्णीकडच्या एका जिनात पहारा केला होता. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथे फाटकावर आगपेटी काढून द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची, हा रिवाज. मालकाचा जावई आला तरी खिसे उलटे करायचे. एवढं करूनही एक दिवस कोणाच्या तरी विडीनं कापसाची गंजी पेटली आणि दोन तासांत जिनाच्या नुसत्या चार भिंती उरल्या. त्या दिवशी जळालेल्या पंजाबरावाच्या भुवया पुन्हा कधी धड उगवल्या नाहीत. तो बायकोला घेऊन यवतमाळला आला आणि एकोणसाठ साली वसतिगृहाच्या फाटकाजवळच्या खोलीत त्याचा संसार लागला. भांड्याकुंड्यांबरोबर जिनाचे सगळे कायदेही आले.

मग काय विचारता! निंबाच्या फांदीला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला गेला. व्हरांड्यात लाल बादल्या आल्या, काहींत पाणी, काहींत रेती. दर रविवारी सकाळी रूळ वाजला की पोरांनी अंगावरच्या साबणासकट रांग लावायची आणि बादल्या हातोहात पुढे द्यायच्या. फाटकात खिसे तपासायचे, आणि विडीचा संशय आला तर पोराला तोंड उघडायला लावून वास घ्यायचा. परीक्षेच्या दिवसांत एकानं देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, तर ती पंजाबरावानं बादलीत बुडवली आणि देव समजदार आहे म्हणून पोराची समजूत काढली. विज्ञान शाखेच्या एका टवाळानं त्याला सांगितलं की नायलॉनचा सदरा अंगातून काढताना ठिणगी उडते. झालं! वसतिगृहात ज्या एकट्या पोराकडे नायलॉनचा सदरा होता, त्याला तो अंगात ठेवूनच झोपायची ताकीद मिळाली. बिचारं पोरगं चार दिवस घामानं भिजून निघालं.

नियमांच्या पाटीवर शेवटचा नियम ठळक अक्षरांत होता. खोलीत जो आग पेटवेल त्यानं त्याच दिवशी खोली सोडायची, पेटी आणि वळकटी बाहेर. महागावच्या घनश्यामनं खोलीत स्टोव्हवर अंडी उकडली, तेव्हा त्याचा बाप जीप घेऊन आला होता. शंभर एकरांचा धनी, बोलणं चढ्या आवाजातलं. वसतिगृहाचे अधीक्षक बबनराव त्याच्यापुढे पार गळपटले, पण पंजाबराव जागचा हलला नाही. नेम सगळ्याइले सारखा, एवढंच म्हणाला. घनश्याम जीपमधून गेला तो गेलाच. त्या दिवसापासून पोरं मागे काहीही बोलोत, पंजाबरावाच्या तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

आता चौदा नंबरच्या खोलीतला भीमराज. फुलसावंगीचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, घरातला पहिलाच शिकलेला. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. वसतिगृहात जागा मिळायच्या आधी दोन महिने हा पोरगा यवतमाळात खोली शोधत हिंडला. घरमालक आधी नाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि मग खोली आजच गेली म्हणत. लाज नाही वाटायची लोकांना! म्हणजे वसतिगृह सुटलं तर भीमराजला एस.टी. स्टँडाशिवाय छप्पर नव्हतं आणि बी.ए.चंही पाणी होणार होतं. बासष्ट सालच्या मार्चात परीक्षा आठ दिवसांवर आली आणि नेमकं त्याला हिवतापानं धरलं. खानावळीचं जेवण पोटात ठरेना. गावी निरोप गेला, आणि त्याची माय कौसल्याबाई सकाळच्या गाडीनं येऊन फाटकात उभी राहिली. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, हातात तवा आणि काखेत पऱ्हाट्यांचा भारा. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, गावाकडचं जळण. शहरातलं जळण नुसतं धुपतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

पंजाबरावानं रिवाजाप्रमाणे चौकशी केली. आगपेटी? नाही. रॉकेल? नाही. स्टोव्ह? बाई हसली. पऱ्हाट्या खानावळीत द्यायला आणल्या असतील, असं त्यानं आपल्या मनानंच ठरवलं. शिवाय काडीच नाही तर पऱ्हाट्यांनी काय होणार? उलट बाई दमलेली दिसली म्हणून भारा त्यानं स्वतः उचलला आणि चौदा नंबरच्या दारात नेऊन टाकला. असा हा हुशार माणूस.

कौसल्याबाईनं पोराच्या कपाळावर हात ठेवला. अंगणातल्या तीन विटा आणून खोलीत मांडल्या, पीठ काढलं, आणि मग गावात रोज करते तेच केलं. भाऱ्यात खोचून आणलेला गोवरीचा तुकडा घेऊन ती शेजारी विस्तव मागायला निघाली. शेजार म्हणजे फाटकाजवळची खोली. तिथे पंजाबरावाची बायको मथुराबाई चुलीपुढे बसली होती. तिनं विस्तव दिला. दारात आलेल्या बाईला विस्तव नाही म्हणणं तिला जमलंच नसतं.

गंमत पुढेच आहे. ती धुपणारी गोवरी हातात धरून कौसल्याबाई परत निघाली, तेव्हा पंजाबराव अंगणात एका पोराच्या तोंडाचा वास घेत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, गोवरीकडेही पाहिलं, आणि पोराला म्हणाला, सरक बाजूले, बाईले जाऊ दे. जन्मभर बाया अशा विस्तव नेताना बघितलेल्या. आगपेट्या हुडकायला शिकलेल्या त्या डोळ्यांना हातावरून चाललेली आग दिसलीच नाही.

पाच मिनिटांत चौदा नंबरच्या खिडकीतून धूर निघाला. पंजाबरावानं रूळ असा बडवला की निंबावरचे कावळे उडून गेले. तीन वर्षांचे रविवार काही वाया गेले नव्हते. रांग लागली, बादल्या धावल्या, पहिली बादली पंजाबरावाच्या हातात. चूल विझली, तवा थंड झाला, भाकर वाहून गेली. तरी मागून बादल्या येतच राहिल्या, कारण थांबायचं कधी हे रविवारी कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटच्या पोरानं कौसल्याबाईच्या पिठात रेती ओतली. खाटेवर भीमराज गोधडीसकट ओलाचिंब, आणि बाई उलथणं धरून चिखलात बसलेली. तिला अजून कळेना की आग लागली तरी कुठे.

बबनराव आले आणि हसणं-खिदळणं थांबलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण घनश्यामचा बाप आठवला असणार. पेटी बाहेर आणा म्हणाले. दोन पोरांनी भीमराजची पेटी अंगणात ठेवली आणि तो तापानं थरथरत तिच्यावर येऊन बसला. पंजाबरावाच्या दृष्टीनं नेम तो नेम. नोंदवही उघडून त्यानं कौसल्याबाईला विचारलं, काडी कुठून आणली?

"काडी कायची? विस्तव आणला तुमच्या घरून," ती म्हणाली. "आमच्या गावात विस्तव मांगाले गेलं तं मले वसरीखाली उभं राहा लागते. दुरून गोवरीवर टाकतात, तेबी मन झालं तं. इथं तुमच्या मालकिणीनं मले चुलीजोळ बसवलं, म्हने तुह्या हातानं घे. मले वाटलं, जिथं विस्तव असा देतात, तिथं चूल पेटवाले कोन मना करते?"

सगळ्यांच्या नजरा फाटकाजवळच्या खोलीकडे वळल्या. मथुराबाई पदर खोचून दारात उभी होती. मांगतला तं देल्ला, एवढंच ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की आता लिहा काय लिहायचं ते.

पंजाबरावानं लिहिलं. एकेक अक्षर कोरत लिहिलं, की विस्तव माझ्या चुलीतला. मग वही बबनरावांच्या हातात दिली, घरात गेला, आपली पत्र्याची पेटी ओढत बाहेर आणली आणि भीमराजच्या पेटीला लावून ठेवली.

"पंजाबराव, तुम्ही काहून निघाले?" बबनरावांनी विचारलं.

"आग माह्या घरची, साहेब. घनश्यामच्या बापाले मी काय सांगतलं होतं? पोरगं जाते तं मलेबी जा लागते."

पुढे कितीतरी लोक म्हणाले की पंजाबरावानं डाव टाकला. साफ खोटं. डाव टाकायची अक्कल असती तर तो दुसऱ्याच्या पोरांची तोंडं हुंगत बसला असता का? तो खरोखरच निघाला होता. कुठे जाणार हे त्याला माहीत नव्हतं. बबनराव दोन पेट्यांकडे आलटून पालटून बघत राहिले. त्यांना नियमही मोडवेना आणि माणसंही.

शेवटी मथुराबाई पुढे आली. नेम खोली सोडाचा हाय ना, तिनं विचारलं. बबनराव हो म्हणाले. मग सोडली ना पोरानं खोली, ती म्हणाली, तसंही तिथं आता म्हशी लोळतील इतकं पाणी हाय. पोरगं परीक्षा होईतो माह्या घरात राहीन, त्याची मायबी राहीन. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, आणि तुमची पेटी उचला आधी, जाग्यावर ठेवा, पोराच्या पेटीले जागा लागन. बबनरावांनी वहीत एवढी चटकन सही आयुष्यात कधी केली नसेल. दोन्ही पेट्या पोरांनीच आत नेल्या, न सांगता.

दुपारी पंजाबराव आणि भीमराज शेजारी शेजारी जेवायला बसले. पोराला मायच्या हातची भाकर पाहिजे म्हणून मथुराबाईनं आपलं पीठ देऊन कौसल्याबाईला चुलीपुढे बसवलं होतं. पहिली भाकर तिनं भीमराजला वाढली. तव्यावर पुढची टाकली, दुसरी हातात घेतली, आणि पंजाबरावाच्या ताटाशी तिचा हात थांबला. ती थांबली का, हे खोलीतल्या चौघांनाही कळलं. पंजाबरावाच्या सात पिढ्यांत अशी भाकर कोणी खाल्ली नव्हती आणि आर्णीच्या भावकीत हे कळल्याशिवाय राहणार नव्हतं. खोटं कशाला बोला, क्षणभर तोही थांबला. तव्यावरची भाकर करपायला लागली, खोली धुरानं भरली, पण बादलीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

त्यानं ताट पुढे सरकवलं. "वाढा, बाई," म्हणाला, "भूक लागून राह्यली." ती भाकर त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि मग करपलेलीही मागून घेतली.