पाध्यांच्या काकडीला स्थळ

झाशीच्या वॅगन कारखान्यात गजाननराव पाध्ये यांनी आयुष्यभर एकच काम केलं: माल नापास करणं. चाक आलं, आस आला, नट-बोल्ट आले, की चष्मा कपाळावर सरकवायचा, वाकून बघायचं आणि खडूने फुली मारायची. निवृत्त झाल्यावर खडू सुटला, सवय सुटली नाही. लग्नाला गेले तर आधी मांडवाचे बांबू हलवून बघत. सुहासिनीबाईंची पुरणपोळी उजेडाला धरून तिची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते तपासत. मग खात मात्र चार.

अशा माणसाने गच्चीवर भाजीपाला लावला, त्याचं कारण ऋषीपंचमी. झाशीतल्या जुन्या मराठी घरांत हे व्रत अजून कसोशीने पाळतात. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं नको, परसात हाताने लावलेलं तेवढं चालतं. आता परस कुणाकडे उरलंय? पाध्यांची गच्ची होती, म्हणून ओळखीच्या घरच्या बायका त्यांच्याकडेच जेवायला येत. भेंडी, दोडका, अळू, सगळं वरून यायचं. काकडी मात्र दगा देत होती. एका वर्षी कडू निघाली, पुढच्या वर्षी वेलच वाळला. कोशिंबिरीवाचून पान ओकंबोकं दिसलं, आणि राधाबाई लिमयांनी ते चारचौघींत बोलून दाखवलं.

त्यातच पुण्याहून विद्याधरचा, म्हणजे मुलाचा, फोन यायला लागला. गच्चीवर सोलर बसवू या म्हणून. सुहासिनीबाईंनी वर्षानुवर्षं कुंड्यांचा चिखल पुसला होता. त्यांनी एकदाच सांगून टाकलं, "यंदा पंचमीच्या पानात गच्चीवरची काकडी पडली तर गच्ची तुमची. नाही तर दुसऱ्या दिवशी सोलरवाला येईल."

"मान्य," गजाननराव रुबाबात म्हणाले. मग जिन्यात जाऊन बसले. गच्ची गेली तर दिवसभर नापास काय करायचं, हे त्यांना कळेना.

त्यांनी काकडीची निवड टेंडरसारखी केली. उन्हाळ्यातच तीन जाती शेजारी शेजारी लावून परीक्षा घेतली. पहिली देशी. ऊन सोसायची, पण एक दिवस पाणी चुकलं की रागाने कडू व्हायची. "तापट," गजाननराव म्हणाले आणि नापास केली. दुसरी लांब, कोवळ्या सालीची चायनीज. तिला सकाळी अकरालाच भोवळ यायची. नापास. तिसरी संकरित. तिच्या पाकिटावर लिहिलं होतं, की या वेलाला सगळी मादी फुलंच येतात आणि प्रत्येक फुलामागे एक काकडी. गजाननरावांना भरून आलं. ज्यात एकही भाग फुकट नाही असं यंत्र त्यांना उभ्या नोकरीत मिळालं नव्हतं. शिवाय परीक्षेतही ती भरभरून लागली. लगेच त्यांनी बाकीच्या दोन्ही जाती मुळासकट उपटल्या, आणि पावसाळ्यासाठी संकरित बियांचं नवं पाकीट आणलं.

पाकिटात थोड्या बिया निळ्या निघाल्या. बाकी सगळ्या पांढऱ्या आणि ह्या निळ्या! सदोष माल. त्यांनी त्या एकेक वेचून कचऱ्यात टाकल्या.

श्रावणात मांडव पिवळ्या फुलांनी भरला. प्रत्येक फुलामागे नखाएवढी काकडी. दोन दिवसांत ती पिवळी पडायची आणि गळायची. रोज सकाळी गच्चीवर बारक्या काकड्यांचा सडा. पंचमीला पंधरवडा राहिला, तेव्हा गजाननराव पाकीट घेऊन बियाण्यांच्या दुकानात भांडायला गेले.

दुकानदाराने शांतपणे विचारलं, "बाबूजी, नीले वाले बीज बोए थे?"

"वो खराब थे. रिजेक्ट कर दिए."

दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला. "बाबूजी, वही तो दूल्हे थे."

नर फुलं येणार होती ती निळ्या बियांच्या वेलांना, आणि उन्हाळ्यात देशी वेल होता तोवर त्याच्याच नर फुलांवर सगळ्यांचं भागत होतं, हे गजाननरावांच्या तेव्हा लक्षात आलं. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तर सुहासिनीबाई हसून हसून पाटावर बसल्या. "नवरे मुलगे कचऱ्यात टाकलेत? आता मुली उजवायच्या कशा? अहो, झाशीत आपल्याला स्थळ मिळत नाही म्हणून मला ग्वाल्हेरहून आणलंत. काकडीलाही बाहेरगावचंच बघा आता."

गजाननराव खरंच निघाले. आधी लष्करी छावणीत, कुंपणावर काकडीचा वेल दिसला त्या बंगल्याच्या फाटकावर गेले. पहारेकऱ्याने कुणाला भेटायचं विचारलं. "खीरे के फूल से," ते म्हणाले, "नर से." पहारेकऱ्याने त्यांना सन्मानाने रस्त्यापर्यंत पोचवलं. मग त्यांना टहरौली गावचा शेतकरी हल्केराम आठवला. बाजारातल्या सगळ्या काकड्या त्याच्याच शेतातल्या.

पण पंचमीची पूजा सांगणाऱ्या दत्तात्रेय गुरुजींनी अडवलं. "थांबा. त्याच्या शेतात बैल चालतो का? बाप नांगराखालचा असला तर पोरी व्रताला कशा चालतील?"

गजाननराव गुरुजींकडे आदराने बघत राहिले. नीट तपासणी करणारा दुसरा माणूस त्यांना प्रथमच भेटत होता.

टहरौलीला त्यांनी शेताला पूर्ण फेरी मारली. गोठ्यात डोकावले, शेण निरखलं, चिखलात खुरांचे ठसे शोधले. म्हशीची चौकशी केली. ती फक्त दूध देत होती.

"हल्के भैया, बैल कहाँ है?"

"बैल?" हल्केराम म्हणाला, "बैल तो दद्दा के संग गए, बाबूजी. अब टिरैक्टर है. पूरे गाँव में एक बैल नइयाँ."

दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून, संध्याकाळी गजाननराव विजयी मुद्रेने घरी आले. गुरुजी वाट बघतच बसले होते.

"एकही बैल नाही! अख्ख्या गावात नाही!"

"उत्तम," गुरुजी म्हणाले. "मुलाकडचे निर्दोष आहेत."

सुहासिनीबाई भेंडी पुसत होत्या. "अहो, बाजारातल्या काकड्या ह्या हल्केरामच्याच ना?"

"सगळ्या!"

"आणि त्याच्याकडे बैल नाही."

"मी स्वतः तपासलंय!"

"मग बाजारातली काकडी पंचमीला चालते की."

गुरुजी उठले. "शास्त्रात ट्रॅक्टरचं नाव कुठे नाही," ते म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

"म्हणजे इतकी वर्षं मी चिखल कशासाठी पुसला?" सुहासिनीबाईंनी विचारलं. त्यांनी गजाननरावांच्या हातातला डबा घेऊन फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला.

सकाळी गजाननराव डबा घेऊन वर गेले आणि नुसतेच बसले. मागून सुहासिनीबाई आल्या. "वऱ्हाड ताटकळत ठेवून यजमान बसलेत! उठा. उन्हं चढली की फुलं मान टाकतील."

मग दोघांनी मिळून नर फुलांच्या पाकळ्या काढल्या आणि परागकण एकेका मादी फुलात टेकवले. एक फूल गजाननरावांनी डोळ्यांजवळ नेलं. "हे जरा वाकडं..."

"आता मुलगा बघायचा नाही. द्या इकडे."

पंचमीपर्यंत मांडवाला हिरव्यागार, सरळ काकड्या लोंबल्या. गजाननरावांनी त्या स्वतः तोडून ओट्यावर ठेवल्या. पंगत बसली. राधाबाईंनी कोशिंबीर चाखली. "छान आहे हो! गच्चीवरची?"

"छे, बाजारातली," सुहासिनीबाई वाढता वाढता म्हणाल्या. "गच्चीवरची व्रताला चालत नाही."

दारात उभे असलेले गजाननराव ओरडलेच, "का नाही?"

"बैल राबलाय ना तिच्यामागे. सबंध पावसाळाभर मातीखताच्या बादल्या घेऊन जिना चढत होता. मी रोज बघत होते."

हसता हसता राधाबाईंना ठसका लागला. गुरुजींनी थोडा विचार करून मान डोलावली. "हे शास्त्रात बसतं."

गजाननराव हसले नाहीत. पानात गच्चीवरची काकडी पडली नव्हती. अट अट होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कुंड्या कडेला सरकवायला घेतल्या. दुपारी सोलरवाला मोजायची फीत घेऊन वर आला. भाद्रपदातलं झाशीचं ऊन. तापलेल्या गच्चीवर तो बुटांसकट पाय बदलत उभा राहिला. सुहासिनीबाई उपड्या बादलीवर बसून तिखटमीठ लावलेली काकडी खात होत्या.

"माताजी, नाप ले लूँ?"

त्यांनी कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि सोललेली एक काकडी त्याच्या हातात दिली.

"नाप क्या लेना, भैया," त्या म्हणाल्या, "इस छत पर धूप ही नहीं आती."

त्याने डोळे बारीक करून वर बघितलं, काकडीचा एक घास घेतला आणि फीत गुंडाळायला लागला.