चित्रात नसलेला उंदीर

माझा पहिला दात पडला तेव्हा घरात पंचाईत झाली. आईच्या माहेरच्या रीतीने तो कौलांवर फेकायचा. पण डमडमच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर कौलं आणायची कुठून? शेवटी शेजारच्या बंगाली काकीमांनी तोडगा काढला. दात उंदराच्या बिळात टाकायचा आणि त्याच्याकडून त्याच्यासारखे धारदार दात मागून घ्यायचे. मी मागितले. आलेही.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

गार्डन रीचच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. नियमावर बोट ठेवणारी बाई अशी माझी ख्याती आहे. बंगाली माध्यमातल्या ज्या मुलांना दुसरीपासून इंग्रजी तुकडीत जायचं असतं, त्यांची तोंडी परीक्षा मी घेते. चार चित्रं क्रमाने लावून इंग्रजीत गोष्ट सांगायची. गेल्या वर्षीची चित्रं कुठल्याशा परदेशी पुस्तकातली होती. मुलीचा दात पडतो, ती तो उशीखाली ठेवते, झोपते, आणि एक परी येऊन दात घेऊन जाते.

माझ्यासमोर बसलेल्या मुलीचेच पुढचे दोन दात पडलेले होते. वडील कामावर खाडा करून बाहेर बाकावर बसले होते. तिने चित्रं उलटीपालटी केली, त्यांच्या पाठीसुद्धा बघितल्या. मग स्वच्छ इंग्रजीत मला विचारलं, “मिस, व्हेअर इज द रॅट?”

मी म्हटलं, जे दिसतंय ते सांग. तिने सांगितलं. मुलगी दमून झोपली, म्हणून तिची आईच दात घेऊन उंदराकडे निघाली. पंखांचं तिने काही मनावर घेतलं नाही. गोष्ट अडखळत का होईना, पण पुरी झाली.

उत्तरसूचीत परीला दोन गुण होते. उंदराला एकही नव्हता. एका गुणाने ती राहिली. मी पेन उचललं असतं तर तो गुण मिळाला असता. मी उचललं नाही.

बाईंना बंगालीत म्हणतात तसं ‘दिदिमोनि’ म्हणत वडिलांनी हळूच विचारलं, “तिचं इंग्रजी कच्चं आहे का?”

“हो, थोडं,” मी म्हटलं. इतकं सरळ खोटं मी क्वचितच बोलले असेन, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

आता तिला नवे दात आलेत. शाळेच्या जिन्यावर भेटली की ती हसते, बंगालीत विचारपूस करते. मी मुद्दाम इंग्रजीत बोलले तर मान खाली घालते आणि म्हणते, “ते मला येत नाही, दिदिमोनि.”